२५,००० खुर्च्यांचं कर्ज: डार्लिंग्टन फुटबॉल क्लबचं काय झालं

टीसकाठ (धागाकर्ता)

इंग्लंडच्या ईशान्येला डार्लिंग्टन नावाचं गाव आहे. स्टॉकटन आणि डार्लिंग्टनच्या दरम्यान १८२५ मध्ये वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक रेल्वे धावली, त्यामुळे रेल्वेचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. आसपासची वस्ती धरून लोकसंख्या लाखभर. इथला फुटबॉल क्लब १८८३ चा. बहुतेक आयुष्य तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत गेलं, मोठा करंडक कधी मिळाला नाही. तरी शनिवारी दुपारी काही हजार माणसं फीदम्सच्या मैदानावर जमायची, आणि हे बापाकडून मुलाकडे असं चालत आलं होतं.

हा क्लब एका स्टेडियमने मोडला. "आधी मोठं स्टेडियम उभारा, मग प्रेक्षक आपोआप येतील" हा सूर हल्ली खेळाच्या धाग्यांवर वारंवार दिसतो. मी याच भागात राहतो, या क्लबवर माझा जीव आहे, म्हणून ही हकिगत नीट सांगायची आहे.

फीदम्स गावाच्या मधोमध होतं. शेजारी क्रिकेटचं मैदान, प्रवेशाला दोन पांढरे मनोरे. १९६० मध्ये फ्लडलाइट पहिल्यांदा लागले त्याच रात्री एक स्टँड जळून गेला, आणि त्याच वर्षी लीग कपमध्ये बोल्टनविरुद्ध २१,०२३ माणसं आली. तो क्लबचा विक्रम. पण नव्वदच्या दशकात मैदान थकलं होतं आणि क्लब कर्जात होता.

१९९९ मध्ये जॉर्ज रेनॉल्ड्स आले. सुंदरलँडचा जन्म, अनाथाश्रमातलं बालपण, तरुणपणी तिजोऱ्या फोडल्याबद्दल तुरुंगवास, आणि पुढे स्वयंपाकघराच्या ओट्यांच्या लॅमिनेट फळ्या बनवून मिळवलेली अफाट संपत्ती. त्यांनी क्लबचं सुमारे ५० लाख पौंडांचं देणं भागवलं आणि पाच वर्षांत प्रीमियर लीगमध्ये नेण्याची घोषणा केली. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि का घेऊ नये? कुणीतरी पहिल्यांदा या गावाकडे मोठ्या नजरेने बघत होतं.

मग गावाबाहेर, बायपासजवळ, २५,००० खुर्च्यांचं स्टेडियम उभं राहिलं. खर्च १ कोटी ८० लाख ते २ कोटी पौंड. आत सरकते जिने, संगमरवर. नाव रेनॉल्ड्स अरीना. १६ ऑगस्ट २००३ ला पहिला सामना, किडरमिन्स्टरविरुद्ध. ११,६०० लोक आले, संघ ०-२ हरला. क्लबच्या सामन्याला तिथे एवढी गर्दी पुन्हा कधीच झाली नाही. त्यातही वाहतुकीच्या कारणावरून नियोजन परवानगीतच एरवीच्या सामन्यांसाठी प्रेक्षकसंख्येवर १०,००० ची मर्यादा होती. म्हणजे १५,००० खुर्च्या रिकाम्याच राहणार, हे कागदावर ठरलेलं होतं.

२३ डिसेंबर २००३ ला क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हाती गेला. पहिल्या सामन्यानंतर चारच महिन्यांनी.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. स्टेडियम फार मोठं झालं ही या गोष्टीची अर्धी बाजू. उरलेली अर्धी अशी की त्या दिवसानंतर क्लब कुणाचा हे स्टेडियमवर कुणाचा बोजा आहे त्यावरून ठरत गेलं. क्लब वाचवायचा तर इमारतीचा मोह सोडावा लागेल, हे गावाला पटायला ८ वर्षं लागली.

---

लांब_पास

छान लिहिलंय, पण रेनॉल्ड्सवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. १९९९ मध्ये तो माणूस आला नसता तर क्लब तेव्हाच बुडाला असता. स्वतःचे पैसे घातले ना? २००२ मध्ये अस्प्रियाला, कोलंबियाच्या त्या नामांकित फुटबॉलपटूला, चौथ्या श्रेणीतल्या क्लबसाठी आणण्यापर्यंत त्यांनी मजल मारली होती. स्वप्न बघणाऱ्यालाच दोष द्यायचा, तर लहान गावांनी कायम लहानच राहायचं का?

---

टीसकाठ

लांब_पास, जुनं देणं त्यांनी फेडलं हे खरं आहे आणि ते मी वर लिहिलंय. अस्प्रियाला मैदानावर आणून प्रेक्षकांसमोर फिरवलं हेही खरं, पण सही न करताच तो निघून गेला. इंग्लंडचा गाजलेला खेळाडू पॉल गॅस्कॉइन याच्याशीही बोलणी झाली होती.

माझा आक्षेप त्यांच्या स्वप्नाला नाही. स्वतःचे पैसे पुरेनात तेव्हा त्यांनी स्टेडियम गहाण टाकून कर्ज उचललं, आणि गावाला हे कळलं फार उशिरा, याला आहे. स्वतःचा पैसा बुडवणं वेगळं आणि १२० वर्षांचा क्लब तारण म्हणून ठेवणं वेगळं. जानेवारी २००४ मध्ये ते पायउतार झाले. त्यांना कर्ज दिलेल्या स्टर्लिंग कन्सॉर्टियमकडेच क्लब गेला. पुढे करचुकवेगिरीबद्दल २००५ मध्ये रेनॉल्ड्सना ३ वर्षांची शिक्षा झाली, तो स्वतंत्र विषय. २०२१ मध्ये ते वारले. फीदम्समधून आलेले जुने लोक अजूनही त्यांच्याबद्दल एका सुरात बोलत नाहीत, कुणाच्या बोलण्यात राग असतो तर कुणाच्या कृतज्ञता. मला दोन्ही समजतं.

---

नवखी

फुटबॉल मला फारसं कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. एक साधा प्रश्न. स्टेडियम २ कोटींचं होतं आणि कर्ज त्याहून कमी, तर ते विकून कर्ज का फेडलं नाही? आपण घर विकून गृहकर्ज फेडतोच की.

---

ताळेबंद

नवखीताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी सनदी लेखापाल आहे, आजारी कंपन्यांची कामं बघतो, म्हणून सांगतो.

घराला गिऱ्हाईक असतं. फुटबॉल स्टेडियमला साधारण एकच गिऱ्हाईक असतं, तिथे खेळणारा क्लब. बांधायला लागलेला पैसा आणि विकून येणारा पैसा यांचा काही संबंध राहत नाही. जमीन गावाबाहेरची, परवानगी खेळापुरती, पाडायचं म्हटलं तरी खर्च. धनकोने ते ताब्यात घेऊन करायचं काय? म्हणून धनकोही क्लबला तिथेच भाडं भरत ठेवणं पसंत करतो.

आता चालू खर्चाचं बघा. खालचे आकडे डार्लिंग्टनचे नव्हेत, समजण्यापुरते घेतलेत. सरासरी २,००० प्रेक्षक, तिकीट सरासरी १५ पौंड. २४ संघांच्या लीगमध्ये घरचे सामने २३. एकूण ६,९०,००० पौंड. त्यातला आजच्या दराने २० टक्के व्हॅट काढला की ५,७५,००० उरले. कर्ज ५० लाख, व्याज ८ टक्के धरलं तर ४ लाख व्याजात गेले. राहिले १,७५,०००. त्यात वीसेक खेळाडू, प्रशिक्षक, प्रवास, विमा, स्थानिक कर, वीज, सामन्याच्या दिवशीचे रखवालदार, जिन्यांची तपासणी, छताची दुरुस्ती. आणि मुद्दल अजून तसंच आहे!

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा प्रकार. १०,००० खुर्च्यांचं स्टेडियम असतं तर मसाला निम्म्याने कमी झाला असता. २५,००० खुर्च्यांचं छत २,००० लोक आले म्हणून लहान होत नाही.

---

ओव्हरलॅप

त्या काळाचाही विचार करायला हवा. आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी २००२ मध्ये बुडाली. फुटबॉल लीगच्या (प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींच्या) क्लबांना तिच्याकडून तीन वर्षांत ३१ कोटी ५० लाख पौंड मिळायचे होते, त्यातले निम्म्याहून जास्त कधी आलेच नाहीत. त्या पैशांच्या भरवशावर अनेकांनी करार करून ठेवले होते.

त्याच साली लेस्टर सिटीने नवं ३२,००० चं स्टेडियम उघडलं, प्रीमियर लीगमधून खाली घसरले आणि ऑक्टोबरमध्ये प्रशासनात गेले. देणी बरीचशी झटकली, खेळाडू राखले, आणि २००३ मध्ये पुन्हा वर! बाकीचे क्लब भयंकर चिडले. त्यातूनच प्रशासनात जाणाऱ्या क्लबचे १० गुण कापण्याचा नियम आला. डार्लिंग्टनला २००३ मध्ये त्याचा फटका बसला नाही, पण पुढे बसला ना? टीसकाठ सांगतीलच.

---

टीसकाठ

हो, बसला. २००४ नंतर मालक बदलत गेले, स्टेडियमचं नाव बदलत गेलं, प्रेक्षक मात्र काही हजारांतच राहिले. फेब्रुवारी २००९ मध्ये दुसऱ्यांदा प्रशासन. तेव्हा संघ खरोखर चांगला खेळत होता, वर जाण्याच्या शर्यतीत होता. १० गुण गेले आणि शर्यत संपली. चांगले खेळाडू निघून गेले, २०१० मध्ये क्लब फुटबॉल लीगमधूनच बाहेर, पाचव्या श्रेणीत.

तिथला एक दिवस मात्र या क्लबच्या माणसाला कुणीही विसरायला सांगू नये. ७ मे २०११, वेम्बली, एफए ट्रॉफी या खालच्या श्रेणींतल्या क्लबांच्या करंडकाचा अंतिम सामना, समोर मॅन्सफिल्ड. जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटाला क्रिस सीनियरने हेडर मारला, १-०. हा करंडक उचलणाऱ्या क्लबने आठ महिन्यांत, जानेवारी २०१२ मध्ये, तिसऱ्यांदा प्रशासनाचा अर्ज केला.

या वेळी खेळाडू, कर्मचारी, सगळ्यांचे करार संपवले गेले. १८ जानेवारीला क्लब बंद झाल्याची घोषणा व्हायची होती. बातमी वाचून माणसं स्टेडियमवर जमली. चाहत्यांच्या गटाने शेवटच्या क्षणी ५०,००० पौंड उभे केले आणि घोषणा थांबली. क्रेग लिडल, क्लबचा जुना बचावपटू, हंगामी व्यवस्थापक होता. उरलेले खेळाडू आणि पोरं घेऊन त्याने संघ उतरवला. ज्या स्टेडियमवर कोट्यवधी पौंड ओतले गेले त्याच स्टेडियमच्या क्लबला महिनाभर जगायला ५०,००० पौंड गोळा करावे लागले, ही गोष्ट माझ्या मनातून आजही जात नाही.

---

नवखी

तो हेडरचा भाग वाचताना अंगावर काटा आला. मग पुढे? वाचला ना क्लब?

---

आखेनकर

तोवर मी इथली गोष्ट सांगतो, कारण ती फार जवळची आहे. मी शिकायला जर्मनीतल्या आखेनला आलो आणि इथेच राहिलो. इथल्या तांत्रिक विद्यापीठात मराठी मुलं भरपूर आहेत, त्यातल्या अनेकांना टिवोली हे नाव नुसतं बसच्या वाटेवरचं म्हणून माहीत असतं.

आलेमानिया आखेनचं जुनं टिवोली मैदान उभं राहून बघण्याचं, कोंदट, प्रचंड आवाजाचं. २००६-०७ मध्ये क्लब एक हंगाम बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, जाऊन आला. त्या भरात २००९ मध्ये शेजारीच नवं टिवोली उभारलं, क्षमता ३२,९६०. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. हिशोब असा की लवकरच पुन्हा वर जाऊ. २०१२ मध्ये संघ खाली, तिसऱ्या श्रेणीत, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. पुढच्या हंगामात चौथी श्रेणी. शेवटी २०१५ मध्ये महापालिकेने स्टेडियम १ युरोला घेतलं. नाममात्र एक युरो! तरीही २०१७ मध्ये क्लबवर पुन्हा दिवाळखोरीची वेळ आली.

पण डार्लिंग्टनशी एक फरक आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. आखेन अडीच लाखांचं शहर आहे आणि इथल्या लोकांनी ते स्टेडियम खरोखर भरलं. चौथ्या श्रेणीतल्या सामन्यांनाही वीस हजारांवर माणसं आलीत. २०२४ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत परतला. म्हणजे स्टेडियमचा आकार चुकला होता असंही म्हणता येत नाही. "आपण वरच्या श्रेणीत आहोत" असं गृहीत धरून हप्ते बांधले, तिथे घात झाला. क्लब एक पायरी खाली आला की उत्पन्न खूप घटतं, बँकेचा हप्ता तेवढाच राहतो.

शहराने स्टेडियम घेतलं यावर इथे आजही वाद होतात. शाळांची छपरं गळत असताना फुटबॉलवर पैसा का, असं विचारणाऱ्यांना मी चुकीचं म्हणू शकत नाही. पण शहराने घेतलं नसतं तर क्लब संपला असता हेही तितकंच खरं.

---

ताळेबंद

आखेनकर, तुमचं शेवटून दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. क्लबच्या कर्जाबद्दल बोलताना आपण क्लबकडे बघतो, ज्यांचे पैसे बुडतात त्यांच्याकडे बघत नाही.

इंग्लंडमध्ये एक नियम आहे. क्लब दिवाळखोर झाला की खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण फेडायची, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. चांगलं वाटतं ऐकायला. पण मग उरलेल्या चतकोरात कोण? २०२० पर्यंत कर खातंही, शिवाय छपाईवाला, मांस पुरवणारा, प्लंबर, रुग्णवाहिकेची स्वयंसेवी संस्था. त्यांना पौंडामागे काही पेन्स मिळतात. हीच माणसं शनिवारी तिकीट काढून येतात! मी आपल्याकडे दिवाळखोरी संहितेखालची प्रकरणं बघतो, तिथेही बँका पुढे आणि लहान पुरवठादार रांगेच्या शेवटी. हे बघून बघूनही सवय होत नाही.

---

करवीरचा_गोली

कोल्हापुरातून लिहितोय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस... आमचे संघ तालमींचे आणि पेठांचे. सगळे एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. एकाही संघाचं स्वतःचं स्टेडियम नाही. लहानपणापासून मला याचं वाईट वाटायचं, की आपल्या तालमीचं मैदान असावं, आपल्या रंगाच्या भिंती असाव्यात. हा धागा वाचून थोडा वेगळा विचार करायला लागलोय. आमचं संघावर प्रेम आहे ते पेठेमुळे, आणि पेठ कुणी गहाण टाकू शकत नाही.

तरी लांब_पास म्हणतात त्यातही तथ्य आहे. सोयी नाहीत म्हणून आमची चांगली पोरं पंचविशीत खेळ सोडतात. मैदान पाहिजे, पण कुणाच्या नावावर, हा प्रश्न राहतोच.

टीसकाठ, पुढे चाहत्यांनीच क्लब घेतला असं ऐकलंय, म्हणजे नेमकं काय केलं? वर्गणी काढली?

---

टीसकाठ

गोलीभाऊ, तुमच्या भागात सहकार मुरलेला आहे, त्यामुळे तुम्हाला हे लगेच कळेल. नुसती वर्गणी नव्हती, लोकांनी भाग घेतले. जास्त पैसे घातले म्हणून एकट्याच्या हाती क्लब जाऊ नये अशी रचना केली. निवृत्त रेल्वे कामगार, शिक्षिका, दुकानदार, आणि परदेशात गेलेले गावकरी यांनी मिळून मे २०१२ मध्ये क्लब ताब्यात घेतला.

आणि इथे त्यांनी जो निर्णय घेतला त्यासाठी मी हा धागा काढला. स्टेडियम घ्यायचं नाही. त्याच्यावरचा बोजा, त्याची वीज, त्याचं छत, काहीच नको. नुसता क्लब घ्यायचा: नाव, रंग, इतिहास, पोरांचे संघ.

किंमत जबर होती. धनकोंशी आवश्यक तो समझोता झाला नाही म्हणून फुटबॉल असोसिएशनने त्यांना नवा क्लब मानलं. चार श्रेण्या खाली, थेट नवव्या श्रेणीत टाकलं. नावसुद्धा बदलायला लावलं, डार्लिंग्टन १८८३. गावात मैदान नव्हतं म्हणून घरचे सामने बिशप ऑकलंडला, दुसऱ्या गावात. १८८३ पासून गावात असलेला क्लब गावाबाहेर गेला. ज्यांनी पैसे घातले होते त्यांच्यातलेही काही म्हणत होते, यासाठी का घातले?

पण पहिल्याच हंगामात, २०१३ मध्ये, त्यांनी नॉर्दर्न लीग जिंकली. २०१५ मध्ये पुन्हा वर, २०१६ मध्ये आणखी एक विजेतेपद आणि सहावी श्रेणी. चार हंगामांत तीन बढत्या. २६ डिसेंबर २०१६ ला क्लब गावात परतला, ब्लॅकवेल मेडोज या रग्बी क्लबच्या मैदानावर. हॅलिफॅक्सला ३-२ हरवलं. तिथल्या सुधारणांसाठीही चाहत्यांनीच पैसे जमवले होते. २०१७ मध्ये जुनं नाव परत मिळालं.

आणि ते २५,००० चं स्टेडियम? ते गावातल्या दुसऱ्या एका रग्बी क्लबने, मोडन पार्कने, सुमारे २० लाख पौंडांना घेतलं. बांधायच्या खर्चाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात. नवखीताई, तुमच्या प्रश्नाचं हेही उत्तर.

---

लांब_पास

वाचून खरंच भरून आलं. पण मी मुद्दा सोडणार नाही, रागावू नका. २०१६ पासून क्लब सहाव्या श्रेणीतच आहे. २०१७ मध्ये पाचवे येऊनही प्ले-ऑफ (वर जाण्यासाठीचे निर्णायक सामने) खेळू दिला नाही, कारण मैदानात नियमाप्रमाणे ५०० खुर्च्या नव्हत्या. २५,००० खुर्च्या सोडून आलेला क्लब ५०० खुर्च्यांसाठी अडला! चाहत्यांच्या मालकीत एवढंच होऊ शकतं का? कुणी मोठा पैसा घालणारा आल्याशिवाय वर जाता येत नाही हे मान्य करायला हवं.

---

दक्षिण_लंडन

लांब_पास, मी एएफसी विम्बल्डनचा, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटतं. आमचा मूळ क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात उचलून नेला. चाहत्यांनी २००२ मध्येच नवव्या श्रेणीत नवा क्लब काढला होता. २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोचला. मोठा मालक कुणीही नव्हता.

पण स्टेडियमने आमचीही परीक्षा घेतली. प्लाव लेनला, जुन्या जागेच्या जवळ, नवं बांधताना २०१९ च्या शेवटी पैसे कमी पडले. बाहेरचे गुंतवणूकदार तयार होते, पण बदल्यात क्लबचा हिस्सा द्यावा लागणार होता. सभांमध्ये खूप भांडणं झाली. मग चाहत्यांनीच कर्जरोखे काढले. किती वर्षांसाठी आणि किती व्याजाने द्यायचे ते ज्याने त्याने ठरवायचं, ४ टक्क्यांपर्यंत. अनेकांनी बिनव्याजी दिले. काही आठवड्यांत ५० लाख पौंडांहून जास्त जमले. नोव्हेंबर २०२० मध्ये स्टेडियम उघडलं, सुमारे ९,००० क्षमतेचं. महामारीमुळे पहिला सामना रिकाम्या स्टँडसमोर झाला, त्याचं दुःख आजही आहे.

कर्ज आमच्यावरही आहे. पण ते आमच्याच माणसांचं आहे आणि त्यातला कुणी उद्या सकाळी येऊन दाराला कुलूप लावणार नाही. म्हणून मी म्हणेन, कर्ज घेऊ नये असं नव्हे. धनको कोण आहे ते आधी बघावं.

---

ओव्हरलॅप

एक भर. इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता मैदान विकायचं किंवा सोडायचं तर नियामकाची परवानगी लागणार. मैदान तारण ठेवण्यावरही लक्ष राहील. २००३ मध्ये असं काही असतं तर? डार्लिंग्टन आज सहाव्या श्रेणीत असल्यामुळे या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे, हे मात्र खटकतं.

---

टीसकाठ

दक्षिण_लंडन, फार छान सांगितलंत, मला हे इतकं नीट मांडता आलं नसतं.

लांब_पास, रागावायचं कशाला. ५०० खुर्च्यांचा तो निकाल लागला तेव्हा इथे सगळ्यांचाच जीव तुटला. नियम आधीपासून माहीत होता, वेळेत खुर्च्या बसवता आल्या नाहीत, यात क्लबकडेही दोष जातो. त्यानंतर चाहत्यांनी पुन्हा पैसे जमवून दुसरा स्टँड उभारला. सहावी श्रेणी मलाही पुरेशी वाटत नाही. संघ वर जावा असं मनापासून वाटतं, आणि गावात स्वतःचं मैदान हवंच, रग्बी क्लबच्या मैदानावर भाड्याने कायम निघणार नाही. बारचं उत्पन्न, जाहिरातींचे फलक, मैदान कधी मिळणार याच्या तारखा, सगळ्यातच वाटेकरी आला. लहान क्लबला बारमधूनही बराच पैसा येतो, त्यामुळे हे छोटं दुखणं नाही.

पण ते मैदान चार-पाच हजारांचं असावं, टप्प्याटप्प्याने वाढणारं, आणि जमीन क्लबच्या सभासदांच्या नावावर असावी. त्यासाठी दहा वर्षं लागली तरी चालतील. कुणी उद्या मोठी थैली घेऊन आलं तर मी सभेत उभा राहून पहिला प्रश्न हा विचारेन की तारण काय ठेवणार आहात. उत्तर "काहीच नाही" असेल तर स्वागत.

---

करवीरचा_गोली

हे पटलं. टप्प्याटप्प्याने वाढणारं मैदान आणि सभासदांच्या नावावर जमीन, हे दोन मुद्दे मी तालमीच्या बैठकीत मांडणार आहे. आमच्याकडे निदान सरावाला एक तुकडा मिळावा म्हणून काही वर्षं खटपट चालू आहे. एकदा एक बांधकाम व्यावसायिक बरोबरीने यायला तयार होता, जमीन त्याच्या नावावर राहणार होती. तेव्हा आम्ही "जागा मिळतेय ना" म्हणून खूश होतो. ते जुळलं नाही, आता वाटतं बरंच झालं.

---

नवखी

माझी भाची यंदा डरहॅमला शिकायला गेलीय. तिला हा धागा पाठवला, तर म्हणते मावशी मला सामना बघायचाय. एकटीने जाण्यासारखं आहे का? आणि तिकीट आधी काढावं लागतं का?

---

टीसकाठ

नवखीताई, जरूर पाठवा. डरहॅमहून डार्लिंग्टन आगगाडीने वीसेक मिनिटांवर आहे. स्टेशनवरून ब्लॅकवेल मेडोज चालत अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, बसही मिळते. शनिवारचे सामने साधारणपणे दुपारी ३ ला. शेजारच्या गावांचे संघ आले की गर्दी होते, तेव्हा तिकीट आधी घ्यावं, एरवी दारावर मिळतं. विद्यार्थ्यांना सवलत आहे का ते क्लबच्या संकेतस्थळावर बघायला सांगा. वातावरण घरच्यासारखं असतं, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. जाड कोट आणि हातमोजे मात्र हवेतच, नोव्हेंबरनंतर तिथला वारा सहन होत नाही. येण्याआधी मला निरोप पाठवायला सांगा, आम्ही काही मराठी घरं आळीपाळीने जातो, तिला सोबत होईल.